तारपानृत्य : जव्हार–मोखाडा भागातील उगम व विकास

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वारली, कोकणा, मल्हार कोळी इ. आदिवासी जमातींचे एक समूहनृत्य. तारपा नावाच्या सुषिर वाद्याच्या साथीवर ते केले जाते व त्या वाद्यावरूनच त्यास हे नाव मिळाले आहे. जव्हार व मोखाडा हे जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके, त्यांस लागून असलेले विक्रमगड, डहाणू, तलासरी व वाडा या तालुक्यांचे भाग, गुजरातमधील वलसाड व डांग हे जिल्हे आणि दाद्रा व नगरहवेली हा या नृत्याचा मुख्य प्रदेश होय. गुजरातच्या काही भागांत याच वाद्याला डोबरू म्हणतात. तारपानृत्यात कथानक नाही, मुखवटे नाहीत आणि मुळात त्याला वेगळा प्रेक्षकवर्गही नव्हता. जो जमला तो नाचला, असेच त्याचे स्वरूप होते. त्याचा इतिहास लिहावयाचा तर तो राजांच्या बखरींतून वा शिलालेखांतून मिळत नाही. वाद्याची घडण, नाचाचा ऋतू आणि अलीकडच्या सु. शंभर वर्षांत झालेले बदल यांवरूनच तो जुळवावा लागतो.

जव्हार हे गाव समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीच्या पठारावर वसले असून मोखाडा तालुका त्याहून अधिक चढउतारांचा आहे. पाऊस भरपूर, जमीन उताराची व पातळ मातीची. खाचरांत भात, तर वरकस जमिनीत नागली, वरई व उडीद ही पिके घेतात. दोन्ही तालुक्यांत दहांपैकी नऊ रहिवासी आदिवासी आहेत आणि गाव म्हणजे दूरदूर विखुरलेल्या पाड्यांचा समूह असतो. राजकीय दृष्ट्या हा मुलूख एकसंध नव्हता. जव्हार हे महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे संस्थान. त्याला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली व ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश अंमलातील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून मोडत असे. कारभार असा दोन ठिकाणचा असला, तरी पाड्यांवरचा नाच एकच होता. शेती, लग्नसंबंध आणि देवदेवता यांना संस्थानची सीमा माहीत नव्हती.

तारप्याचे मुख्य भाग तीन. वरच्या बाजूस वाळवून पोकळ केलेला दुध्या भोपळा, मध्ये शेजारी-शेजारी बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि खाली ताडाच्या पानांच्या पट्ट्या गुंडाळून केलेला, टोकाकडे रुंदावत जाणारा कर्णा. भोपळ्याला फुंकण्यासाठी छिद्र असते. नळ्यांच्या भोपळ्यात शिरलेल्या टोकांना बारीक जिभल्या बसविलेल्या असतात; फुंकलेली हवा भोपळ्यात कोंडली जाऊन या जिभल्या थरथरतात व नाद निर्माण होतो. नळ्यांवरील छिद्रे बोटांनी झाकून व उघडून स्वर बदलतात. सांधे मधमाश्यांच्या मेणाने बंद केलेले असतात. वाद्याची लांबी सामान्यतः १ ते २ मी. असते, काही तारपे त्याहूनही लांब आढळतात. गारुड्याच्या पुंगीचे तत्त्वही हेच आहे. परंतु पुंगीला कर्णा नसतो, आणि तारप्याचा गंभीर, दूरवर जाणारा घुमारा या कर्ण्यामुळेच येतो. रात्रीच्या शांततेत तो एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर ऐकू जातो. नाचाचे आमंत्रण निराळे द्यावे लागत नसे, ते यामुळेच.

या वाद्यातील एकही वस्तू बाजारातून आणावी लागत नाही. पण एकही वस्तू हवी तेव्हा मिळत नाही, हेही तितकेच खरे. भोपळा परसात लावावा लागतो. वेलाला लागलेल्या फळांपैकी योग्य आकाराचे फळ निवडून ते पूर्ण पक्व होऊ द्यावे लागते, मग वाळवून व बिया काढून पोकळ करावे लागते. बांबू जून हवा, मेण ताजे हवे. चांगला तारपा करणारा माणूस बहुधा स्वतः वादक असतो, कारण जिभली किती तासावी याचा निर्णय कानानेच करावयाचा असतो. वाद्यनिर्मितीचा स्वतंत्र व्यवसाय या भागात उभा राहिला नाही. ते ज्ञान बापाकडून मुलाकडे किंवा मामाकडून भाच्याकडे जात राहिले.

वादनाची खरी कसोटी श्वासात आहे. तारपा वाजू लागला की नाद तुटता कामा नये. वादक गालांत हवा साठवून ती भोपळ्यात सोडीत असतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर अखंड राहतो. नाच रात्रभर चालला तर वादक आळीपाळीने वाजवितात. स्वरांचा पल्ला फार मोठा नसतो, पण चाली पुष्कळ असतात आणि प्रत्येक चालीला नाव असते. चाल बदलली की पाऊल बदलते. कोणती चाल केव्हा धरावी व किती वेळ चालवावी, हे ठरलेले नसते. वादक नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहतो. पाय जड झाले की चाल सोपी करतो, रंग चढला की द्रुत चाल धरतो. नाचणारेही त्याच्याकडे कान लावून असतात. वादक आणि नर्तक यांच्यातील ही देवघेव म्हणजेच तारपानृत्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्तुळ, वेश, पावले हे सारे त्यानंतरचे.

नाचाची रचना साधी दिसते. स्त्री-पुरुष परस्परांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात. साखळीच्या पुढच्या टोकाशी असणारा नर्तक हातात घुंगरे वा लोखंडी कड्या लावलेली घोळकाठी घेतो व ती जमिनीवर आपटून ठेका दाखवितो. वादक मध्यभागी उभा राहतो, पण एका जागी नव्हे. वाजवीत वाजवीत तो सावकाश फिरतो व साखळी त्याच्याभोवती वळत जाते. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, हा संकेत कटाक्षाने पाळतात. साखळी दोन्ही टोकांनी मोकळी असल्याने ती कधी वर्तुळ होते, कधी आत वळत जाऊन सापाच्या वेटोळ्यासारखी होते व पुन्हा उलगडते. उशिरा आलेल्याने शेपटाकडे जाऊन हात गुंफावा, दमलेल्याने सुटून बाजूला बसावे. साखळी बंद नसण्याचा हा व्यावहारिक अर्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. पाडापाड्यांतील तरुण-तरुणींची ओळख व पुढे सोयरीक जमण्याचेही हे एक ठिकाण होते आणि वडीलधाऱ्यांना ते मान्य होते.

तारपा वर्षभर वाजवीत नाहीत. पेरणी व लावणीच्या काळात तो वर्ज्य मानला जातो. भाताची कणसे भरू लागली, नवे धान्य देवाला दाखवून खाण्याचा विधी झाला, म्हणजे तो बाहेर काढतात. भाद्रपद-आश्विनापासून दिवाळीपर्यंत, काही पाड्यांत मळणी उरकेपर्यंत, नाचाचा मुख्य काळ असतो. आश्विन वद्य द्वादशीला येणारी वाघबारस व त्यामागून येणारी दिवाळी हे त्याचे ऐन दिवस. वारल्यांच्या श्रद्धाविश्वात पाऊस देणारा नारणदेव, हिरवा, हिमाय आणि धान्याची देवता कणसरी यांना महत्त्वाचे स्थान आहे. तारप्याचा संबंध विशेषतः नारणदेवाशी जोडतात. पीक उभे असता तारपा वाजविल्यास देव रुसतो, ही समजूत बाहेरच्यास विचित्र वाटेल. परंतु लावणीच्या दिवसांत रात्रभर जागणारा पाडा दुसऱ्या दिवशी चिखलात उभा राहू शकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे श्रद्धा आणि शेतीचा हिशोब येथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे दिसून येते.

प्रत्येक वाद्याला आपला ऋतू व आपले काम असणे, हे या भागातील संगीताचे एक वैशिष्ट्यच आहे. भगत कणसरीची कथा सांगतो ती घांगळी या तंतुवाद्याच्या साथीवर. लग्नात ढोल, तूर व थाळी यांचा ठेका असतो आणि वारल्यांचे लग्न लावणारी धवलेरी गाण्यांनी विधी चालविते. कोकणा जमातीचा ढोलनाच वेगळा. जव्हार–मोखाड्याचा बोहाडा तर पूर्णपणे निराळ्या जातीचा प्रकार होय. त्यात गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण इत्यादींचे मुखवटे धारण केलेली सोंगे संबळ व सनई-पिपाणीच्या तालावर रात्रभर एकामागून एक येतात व देवीने केलेल्या महिषासुराच्या वधाने त्याची अखेर होते. बोहाड्यात पुराणे आहेत, ठरलेली सोंगे आहेत आणि पाहणारा समाजही आहे. तारप्यात यांपैकी काहीच नाही. एकाच गावात, एकाच समाजात हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदत आले, यावरून तारप्याला प्रेक्षक नसणे हे मागासपणाचे लक्षण नसून तो त्या नाचाचा हेतूच होता, असे म्हणावे लागते.

या नृत्याच्या उगमाविषयी बरेच तर्क झाले आहेत. भीमबेटका येथील शैलचित्रांत हात गुंफलेल्या नर्तकांच्या रांगा आढळतात व वारली चित्रांतील आकृतींशी त्यांचे साम्य आहे, म्हणून तारपानृत्य हजारो वर्षांचे असल्याचे अनेकदा सांगितले जाते. केवळ साम्यावरून एवढी मोठी उडी घेणे बरे नव्हे. हात गुंफून गोल नाचणारे समाज जगाच्या पाठीवर सर्वत्र आहेत आणि त्रिकोणांनी बनलेली माणसाची आकृती कोणालाही सुचू शकते. वाद्यावरून मिळणारा पुरावा त्यापेक्षा भरवशाचा आहे. भोपळा व जिभलीची नळी यांचा संयोग भारतात जुना व सर्वदूर पसरलेला आहे. ताडाच्या पानांचा लांब कर्णा मात्र उत्तर कोकण व दक्षिण गुजरात या पट्ट्यात विशेषत्वाने आढळतो. शिवाय नाचाचा ऋतू भाताच्या पिकाशी बांधलेला आहे. तेव्हा तारपानृत्याचे आजचे रूप या पट्ट्यातील डोंगराळ भातशेती स्थिर झाल्यानंतर, अनेक जमातींच्या शेजारातून घडत गेले असावे. ते कोणत्याही एका जमातीची मक्तेदारी नसल्याचे कारणही हेच दिसते.

लेखी नोंदी एकोणिसाव्या शतकापासून मिळू लागतात. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये (१८८२) वारली, कोळी, ठाकूर, कातकरी इ. समाजांच्या चालीरीतींची माहिती संकलित झाली. ती प्रशासकाच्या दृष्टीने लिहिलेली असल्याने नाचगाणे तेथे ओझरते येते. या समाजावरचा पहिला स्वतंत्र व सविस्तर ग्रंथ म्हणजे के. जे. सावे यांचा द वारलीज (१९४५). त्याच वर्षी हा समाज आणखी एका कारणाने मुंबई इलाख्याच्या नजरेत आला. सावकार व जमीनदार यांच्याकडील वेठ, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी, तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध उंबरगाव व डहाणू तालुक्यांत किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्याचे प्रमुख नेते होत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांनी जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथात या लढ्याचा इतिहास सांगितला आहे.

नाचाच्या इतिहासात या घटनांचा उल्लेख आवश्यक आहे. पाऊस सरल्यावर जमीनदाराच्या कुरणातील गवत कापण्याचा जो हंगाम, तोच तारप्याचाही हंगाम. वेठीच्या काळात दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असे. स्वतःची अशी रात्रच काय ती उरे. नाच रात्री होण्याचे हे एकमेव कारण नव्हे. उष्मा, उघडे खळे, चांदणे ही कारणेही आहेतच. तथापि दिवसभर राबून आलेली माणसे पहाटेपर्यंत का नाचत, याचे उत्तर केवळ ‘आदिवासी आनंदी असतात’ असे देणाऱ्या लेखकांनी वेठीचा हा हिशोब कधी मांडलेला दिसत नाही.

जव्हार संस्थानात दसरा थाटाने साजरा होत असे व त्या निमित्ताने पाड्यापाड्यांवरून लोक नाचत-वाजवीत गावात येत. पाड्यावरचा नाच राजासमोर व गावासमोर आला, तो अशा प्रसंगी. पण दसरा तारप्याच्या ऋतूतच येतो. त्यामुळे या प्रदर्शनाने नाचाचे कालमान बिघडले नाही. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने १९५३ पासून लोकनृत्य महोत्सव भरू लागला, राज्याराज्यांतून पथके मागविली जाऊ लागली आणि पुढे महाराष्ट्रातील आदिवासी नृत्य म्हणून तारप्यालाही त्यात स्थान मिळाले. आश्रमशाळा, स्नेहसंमेलने, शासकीय महोत्सव व नृत्यस्पर्धा यांतून तो वाढत्या प्रमाणावर मंचावर दिसू लागला.

मंचाच्या गरजा खळ्याच्या गरजांहून वेगळ्या असतात. रात्रभराचा नाच आठ-दहा मिनिटांत बसवावा लागला. वादकाला मध्यभागातून काढून कडेला उभे करण्यात आले, कारण तो मध्ये असला की प्रेक्षकांना नर्तक झाकले जातात. साखळी पुढे तोंड करून अर्धवर्तुळात उभी राहू लागली. म्हणजे तारप्याकडे पाठ न करण्याचा संकेत प्रेक्षकांकडे पाठ न करण्याच्या संकेताला वाट देऊन गेला. सर्वांना एका रंगाची लुगडी व फेटे आले. मानवी मनोऱ्यासारख्या चमकदार रचनांना स्पर्धेत गुण मिळतात, म्हणून त्या वाढल्या. चालींचा क्रम आधीच ठरवून पाठ करण्यात येऊ लागला. वादकाने पाय पाहून चाल बदलण्याचा प्रश्नच उरला नाही. या बदलांना सरसकट विकृती म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या नाचाकडे शहरी समाज कुतूहलाने किंवा हेटाळणीने पाहत होता, त्यालाच टाळ्या व मानधन मिळू लागले आणि नव्या पिढीला तारपा हातात धरण्यात कमीपणा वाटेनासा झाला, हे श्रेय मंचाचेच.

या काळात तारपानृत्याला आणखी एका मार्गाने प्रसिद्धी मिळाली. वारली स्त्रिया लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढीत. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर उतरली आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोम्या म्हसे (पद्मश्री २०११, मृत्यू २०१८) यांनी त्यांना जगभर नेले. यशोधरा दालमिया यांच्या द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज (१९८८) या ग्रंथाने चित्रांमागील श्रद्धांचा व ऋतुचक्राचा परिचय इंग्रजी वाचकांस करून दिला. कागदावरील चित्रांत तारप्याभोवती वेटोळे घेणारी साखळी हा विषय इतका लोकप्रिय झाला, की आज शाळांच्या भिंतींपासून साड्यांपर्यंत तोच दिसतो. चित्रातील साखळी नेहमी सुबक व पूर्ण असते. तीत कोणी दमलेला नसतो, कोणी उशिरा आलेला नसतो. मंचावरच्या नर्तकांना आज जी रेखीव रचना शिकवितात, तीवर या चित्रांची छाप असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

सामाजिक नाच मंचावर गेला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत सापडते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सव्हॉय बॉलरूम हे नृत्यगृह १९२६ मध्ये सुरू झाले. तेथील आफ्रिकी-अमेरिकी तरुणांनी चार्ल्स्टनसारख्या आधीच्या नाचांतून लिंडी हॉप हा जोडीचा नाच घडविला आणि पुढे स्विंग या संगीतामुळे अशा सर्व नाचांना स्विंग नृत्य हे नाव मिळाले. तेथेही वादक व नर्तक एकमेकांना धरून चालत. चिक वेब याच्यासारखा तालवादक नाचणाऱ्यांच्या प्रतिसादावर वादन बेतीत असे. मग चित्रपट आले व निवडक नर्तकांच्या कसरती पडद्यावर गेल्या. १९३५ पासून लिऑन ॲबी व नंतर टेडी वेदरफर्ड यांच्यासारख्या आफ्रिकी-अमेरिकी वादकांनी हे संगीत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणले आणि गोमंतकीय वादकांनी ते आत्मसात केले. म्हणजे, जव्हारच्या पाड्यांवर अंधारात तारपा घुमत होता त्याच दशकात जेमतेम दीडशे किमी. अंतरावर दुसऱ्या खंडातील एका उपेक्षित समाजाचे संगीत विजेच्या झगमगाटात वाजत होते. सव्हॉय १९५८ मध्ये बंद पडले व नाच मागे पडला. १९८० नंतर काही तरुणांना तो पुन्हा शिकावासा वाटला, तेव्हा त्यांना जुन्या नर्तकांचा शोध घ्यावा लागला. त्यांपैकी फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) हा दीर्घकाळ टपाल खात्यात नोकरी करीत होता. त्याने पुढे अखेरपर्यंत देशोदेशी फिरून नाच शिकविला. चित्रफिती उपलब्ध होत्या, तरीही नाच त्या माणसाकडूनच शिकावा लागला, ही गोष्ट तारप्याच्या संदर्भात विसरता येत नाही.

जव्हार–मोखाड्यात नाचावर आलेले संकट मंचापेक्षा पोटाचे अधिक आहे. भातकापणी संपताच, दिवाळीच्या सुमारास, असंख्य कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असल्याने निघण्याची तारीख त्यांच्या हाती नसते. पूर्वी मळणीपर्यंत रेंगाळणारा नाचाचा हंगाम त्यामुळे आखडला. १९९२ मध्ये वावर–वांगणी येथील बालमृत्यूंमुळे जव्हारचे नाव देशभर झाले. धान्यदेवतेसाठी नाचणाऱ्या मुलखाची ओळख तेव्हापासून कुपोषणाच्या बातम्यांशी जोडली गेली. पाड्यावर माणसेच नसतील तर साखळी कोणाची करावयाची, आणि बाप भट्टीवर असेल तर मुलाने श्वास धरावयास कोणाकडून शिकावे? मुले शिकतात ती आश्रमशाळेत, आणि तेथे नाच बसविला जातो तो बहुधा ध्वनिमुद्रणावर.

तारप्याचे सार्वजनिक स्थान मात्र याच काळात उंचावले. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन ठरविल्यानंतर जव्हार, मोखाडा, डहाणू, पालघर येथे त्या दिवशी मोठ्या मिरवणुका निघू लागल्या व तारपा त्यांचे मानचिन्ह बनला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस निघालेल्या शेतकऱ्यांच्या पायी मोर्चातही वनजमिनीच्या हक्कासाठी चाललेल्या आदिवासींमध्ये तारपा वाजत होता. ऑगस्टमधील मिरवणूक लावणीच्या दिवसांत, म्हणजे वर्ज्य काळात येते. काही वृद्ध वादकांना हे रुचत नाही. कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की वर्षातून एक दिवस समाजाने एकत्र दिसणे अधिक मोलाचे आहे. दोन्ही बाजूंना आपापले बळ आहे. ऋतू सुटला तरी येथे नाचणारे पुन्हा स्वतःसाठी नाचतात आणि शेपटाला कोणीही येऊन हात गुंफू शकतो, ही गोष्ट मंचावर नव्हती. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून शासकीय कार्यक्रमांतही पाहुण्यांचे स्वागत तारप्याने करण्याची प्रथा रूढ होत गेली. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा या वयोवृद्ध तारपावादकास २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते स्वतः तारपे तयार करतात व नव्या पिढीला वादन शिकवितात.

लग्नसराईत आता पाड्यांवर बेंजोपथके व ध्वनिवर्धकांच्या भिंती येतात आणि त्यांत तारप्याच्या जुन्या चाली विजेच्या वाद्यांवर वाजतात. तरुण त्यांवर मनापासून नाचतात, साखळीही करतात. लग्नात तारपा नसे, तो आता या वाटेने तेथे आला आहे. चाल ओळखीची असते, ठेकाही बहुधा बरोबर असतो. परंतु यंत्राचा वेग रात्र चढली तरी तोच राहतो व दमलेल्यांसाठी चाल सोपी होत नाही. भोपळ्याचा तारपा आश्विनात काही पाड्यांवर अजून निघतो. त्यासाठी वेलाचे बी पावसाच्या सुरुवातीस परसात टोचून ठेवावे लागते.